एलायस अ‍ॅशमोल

एलायस अ‍ॅशमोल (२३ मे १६१७ – १८ मे १६९२) हे सतराव्या शतकातील एक इंग्रज पुराणवस्तुसंग्राहक, कायदेतज्ज्ञ, राजसेवक आणि ग्रंथकार होते. फलज्योतिष व किमया या विद्यांचेही ते गाढे अभ्यासक होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. १६८३ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय ब्रिटनमधील पहिले सार्वजनिक संग्रहालय मानले जाते आणि जगातील सर्वांत जुन्या विद्यापीठ-संग्रहालयांत त्याची गणना होते.

संग्रहालयाला नाव अ‍ॅशमोल यांचे असले, तरी त्यातील मूळ वस्तूंचा फार मोठा भाग त्यांनी जमविलेला नव्हता. तो जॉन ट्रेडस्कँट या एकाच नावाच्या पिता-पुत्रांनी जमविला होता. हे दोघे व्यवसायाने माळी होते. त्यांचा संग्रह अ‍ॅशमोल यांच्याकडे कसा आला, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच न्यायालयात गेला आणि तीन शतकांनंतरही अभ्यासकांत त्याबद्दल एकमत नाही. या लेखातील तारखा त्या काळी इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार आहेत.

जन्म आणि शिक्षण

अ‍ॅशमोल यांचा जन्म इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील लिचफील्ड या गावी झाला. त्यांचे वडील सायमन अ‍ॅशमोल घोड्यांची खोगिरे बनविण्याचा व्यवसाय करीत. आई अ‍ॅन बाउयर ही कॉव्हेंट्री येथील एका सधन कापड-व्यापाऱ्याची मुलगी होती. वडिलांचे घराणे पूर्वी सुस्थितीत असले, तरी एलायस यांच्या बालपणी घरची परिस्थिती बेताचीच होती. त्यांचे शिक्षण लिचफील्डच्या ग्रामर स्कूलमध्ये झाले आणि तेथील कॅथीड्रलच्या गायकवृंदातही ते होते.

आईच्या माहेरच्या नात्यामुळे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्यांच्या मावशीचे यजमान जेम्स पॅजिट हे लंडनमधील एक्सचेकर न्यायालयात अधिकारपदावर होते. १६३३ मध्ये सोळा वर्षांचे एलायस त्यांच्या आश्रयाने लंडनला आले आणि तेथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १६३८ मध्ये ते सॉलिसिटर म्हणून व्यवसाय करू लागले. त्याच वर्षी त्यांचा विवाह एलिनर मेनवेअरिंग यांच्याशी झाला. एलिनर त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या होत्या. १६४१ च्या डिसेंबरमध्ये त्या गरोदर असतानाच मरण पावल्या.

यादवी युद्धाचा काळ

१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. अ‍ॅशमोल राजपक्षाचे होते. लंडन पार्लमेंटच्या ताब्यात असल्याने ते तेथून निघून चेशर परगण्यात आपल्या सासरच्या मंडळींकडे राहिले. १६४४ मध्ये राजाने त्यांना लिचफील्ड येथे अबकारी कराच्या वसुलीसाठी अधिकारी नेमले. पुढल्या वर्षी कामानिमित्त ते ऑक्सफर्डला गेले. ऑक्सफर्ड त्या काळात राजाची राजधानीच बनले होते.

ऑक्सफर्डमधील हा मुक्काम लांबला नाही, पण त्याचा परिणाम दूरगामी ठरला. लष्करी सेवेत असतानाच अ‍ॅशमोल यांनी ब्रेझनोज महाविद्यालयात निसर्गविज्ञान, गणित, खगोल आणि फलज्योतिष यांचा अभ्यास केला. पदवी न घेता ते तेथून बाहेर पडले, पण विद्यापीठाशी जडलेला स्नेह त्यांनी आयुष्यभर जपला.

१६४५ च्या अखेरीस त्यांची नेमणूक वुस्टर येथे झाली. तेथे अबकारी कराबरोबरच तोफखान्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १६४६ च्या जुलैमध्ये वुस्टर पार्लमेंटच्या सैन्याच्या हाती पडले आणि अ‍ॅशमोल चेशरला परतले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला वॉरिंग्टन येथे त्यांना फ्रीमेसन संघटनेत प्रवेश देण्यात आला. त्यांनी रोजनिशीत केलेली याची नोंद त्रोटक आहे. तरीही प्रत्यक्ष गवंडीकाम न करणाऱ्या व्यक्तींना या संघटनेत प्रवेश मिळाल्याच्या इंग्लंडमधील सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी ती एक असल्याने फ्रीमेसनरीच्या इतिहासात तिला मोठे महत्त्व आहे.

दुसरा विवाह आणि आर्थिक स्थैर्य

युद्धात राजपक्षाचा पराभव झाल्याने अ‍ॅशमोल यांच्यापुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. १६४९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी लेडी मेरी मेनवेअरिंग यांच्याशी विवाह केला. मेरी या तीन वेळा विधवा झालेल्या, सुमारे वीस वर्षांनी मोठ्या आणि श्रीमंत होत्या. बर्कशर परगण्यातील ब्रॅडफील्ड येथील जमिनीचे उत्पन्न त्यांच्याकडे होते. मेरी यांच्या नातलगांनी या विवाहाला कडाडून विरोध केला होता. संसारही सुखाचा झाला नाही. १६५७ मध्ये मेरी यांनी विभक्त राहण्यासाठी आणि पोटगीसाठी न्यायालयात अर्ज केला, परंतु तो फेटाळला गेला. १६६८ मध्ये मेरी यांचे निधन झाले.

या विवाहामुळे अ‍ॅशमोल यांना नोकरीची गरज उरली नाही. उपजीविकेची चिंता मिटल्याने ग्रंथ, हस्तलिखिते आणि नाणी जमविण्याकडे तसेच आवडीच्या विद्यांकडे त्यांना पूर्ण लक्ष देता आले. जमिनी, करार, वारसाहक्क आणि दावे यांचा या काळात मिळालेला अनुभव पुढे संग्रहाच्या बाबतीतही त्यांच्या उपयोगी पडला.

किमया, फलज्योतिष आणि हस्तलिखिते

सतराव्या शतकात आजच्या अर्थाचे विज्ञान आणि गूढविद्या यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा नव्हती. लोखंडाचे सोने करू पाहणारा किमयागार आणि रसायनशाळेत प्रयोग करणारा संशोधक ही अनेकदा एकच व्यक्ती असे. अ‍ॅशमोल याच परंपरेतील होते. विल्यम लिली या प्रसिद्ध ज्योतिषाशी त्यांचा निकटचा स्नेह होता. महत्त्वाच्या कामांसाठी ते कुंडली मांडून मुहूर्त पाहत. १६८१ मध्ये हिवताप आला असता औषध घेऊन आपण गळ्यात तीन कोळी बांधले आणि ताप पळाला, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. असे असूनही १६६० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेच्या संस्थापक सदस्यांत त्यांचा समावेश होता.

१६५० मध्ये त्यांनी किमयेवरील एका लॅटिन ग्रंथाचे भाषांतर स्वतःच्या नावातील अक्षरांची फिरवाफिरव करून तयार केलेल्या जेम्स हॅसोल या टोपणनावाने प्रसिद्ध केले. १६५२ मध्ये 'थिएट्रम केमिकम ब्रिटॅनिकम' हा त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी इंग्रजी भाषेतील किमयाविषयक जुन्या काव्यरचना संपादित केल्या आहेत. तोपर्यंत केवळ हस्तलिखितांत असलेल्या अनेक रचना त्यामुळे टिकून राहिल्या. पुढे आयझॅक न्यूटन यांनीही हा ग्रंथ काळजीपूर्वक अभ्यासला होता.

नष्ट होऊ घातलेले कागद वाचविणे ही अ‍ॅशमोल यांच्या कार्यातील सर्वांत निर्विवाद बाजू होय. एलिझाबेथ राणीच्या काळातील गणिती आणि ज्योतिषी जॉन डी यांच्या कागदपत्रांची हकिकत याचे चांगले उदाहरण आहे. डी यांच्या मृत्यूनंतर त्यांची एक लाकडी पेटी लंडनमधील एका मिठाईवाल्या जोडप्याने विकत घेतली. कित्येक वर्षांनी त्या पेटीत एक चोरकप्पा आढळला आणि त्यात हस्तलिखिते मिळाली. त्यांचे मोल न कळल्याने घरातील मोलकरणीने निम्मे कागद स्वयंपाकघरात वापरून टाकले. उरलेले कागद १६७२ मध्ये अ‍ॅशमोल यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या बदल्यात त्यांनी त्या वेळच्या मालकाला स्वतःच्या नव्या ग्रंथाची एक प्रत दिली. आज ही हस्तलिखिते ब्रिटनमधील ग्रंथालयांत सुरक्षित आहेत.

त्या काळातील संग्रहांचे स्वरूप

दुर्मिळ वस्तू जमवून त्या मांडून ठेवण्याची प्रथा प्राचीन आहे. मेसोपोटेमियातील ऊर येथे इ.स.पू. सहाव्या शतकातील एका वास्तूत निरनिराळ्या काळांतील वस्तू माहितीपर मजकुरासह एकत्र ठेवलेल्या आढळल्या. हा संग्रह राजकन्या एन्निगाल्डी-नन्ना हिच्याशी जोडला जातो आणि जगातील सर्वांत जुने ज्ञात संग्रहालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याचे उत्खनन करणारे लिओनार्ड वूली यांनी आपल्या कारकिर्दीची सुरुवात अ‍ॅशमोलियन संग्रहालयातच साहाय्यक म्हणून केली होती. रोममध्ये १४७१ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने प्राचीन कांस्यमूर्ती शहराला अर्पण केल्या आणि त्यातून कॅपिटोलाइन संग्रहालयाचा पाया घातला गेला. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने १६६१ मध्ये अमरबाख कुटुंबाचा संग्रह विकत घेतला. तोही विद्यापीठाशी निगडित होता आणि काही वर्षांतच लोकांसाठी खुला झाला.

मात्र सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपातले बहुतेक संग्रह राजे, सरदार आणि धनिक यांच्या खाजगी दालनांत असत. शंख-शिंपले, प्राण्यांची हाडे, नाणी, शस्त्रे, दूरदेशीची वस्त्रे असे सारे एकाच दालनात मांडलेले असे. ते पाहण्यासाठी मालकाची ओळख किंवा शिफारस लागे. मालक वारला, कर्जबाजारी झाला किंवा वारसांना आवड नसली, की संग्रहाची पांगापांग होई.

ट्रेडस्कँट पिता-पुत्र आणि 'आर्क'

थोरले जॉन ट्रेडस्कँट हे सरदारांच्या बागांचे माळी होते. हॅटफील्ड येथे रॉबर्ट सेसिल यांच्या आणि नंतर बकिंगहॅमचे ड्यूक यांच्या सेवेत त्यांनी काम केले. नवी झाडे मिळविण्यासाठी ते नेदरलँड्स, रशियाचा उत्तर किनारा आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत फिरले. १६३० मध्ये ते राजाच्या ओटलँड्स येथील बागेचे प्रमुख झाले. रोपांबरोबर नाना प्रकारच्या वस्तूही ते गोळा करीत. खलाशी, व्यापारी आणि परदेशी जाणारे सरदार यांच्याकडूनही त्यांना वस्तू मिळत. लंडनजवळ थेम्स नदीच्या दक्षिणेला लॅम्बेथ येथे असलेल्या त्यांच्या घरी हा संग्रह मांडलेला होता. बायबलातील नोहाच्या तारवावरून लोक त्याला 'आर्क' म्हणत.

या संग्रहाचे वेगळेपण असे, की प्रवेशशुल्क देणाऱ्या कोणालाही तो पाहता येई. त्यासाठी उच्च कुळाची किंवा ओळखीची अट नव्हती. थोरल्या ट्रेडस्कँट यांचे १६३८ मध्ये निधन झाल्यावर धाकटे जॉन ट्रेडस्कँट यांनी राजाच्या बागेचे पद आणि 'आर्क' दोन्ही सांभाळले. त्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनियाला जाऊन वनस्पती आणि वस्तू आणल्या. संग्रहात उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा प्रमुख पाउहॅटन याच्याशी संबंध जोडला जाणारा हरणाच्या कातड्याचा व शिंपल्यांनी मढविलेला एक मोठा पट होता. मॉरिशस बेटावरील, पुढे नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याचा पेंढा भरलेला नमुनाही होता. आज आपल्याकडील घरांतील कुंड्यांतही दिसणाऱ्या 'ट्रेडस्कँशिया' या वनस्पतीच्या प्रजातीला या कुटुंबाचे नाव दिलेले आहे.

सूची आणि दानपत्र

अ‍ॅशमोल यांचा ट्रेडस्कँट कुटुंबाशी परिचय १६५० च्या सुमारास झाला. १६५२ मध्ये धाकट्या ट्रेडस्कँट यांचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी वारला. त्याचेही नाव जॉनच होते. त्याच्या मृत्यूमुळे संग्रहाला वारस उरला नाही.

याच काळात अ‍ॅशमोल आणि त्यांचे स्नेही डॉक्टर टॉमस व्हार्टन यांनी संग्रहाची पद्धतशीर सूची तयार करण्यास ट्रेडस्कँट यांना मदत केली. १६५६ मध्ये ती 'म्युझियम ट्रेडस्कँटियानम' या नावाने प्रसिद्ध झाली. छपाईचा खर्च अ‍ॅशमोल यांनी केला. इंग्लंडमधील एखाद्या संग्रहालयाची ही पहिली छापील सूची होय. निसर्गातील वस्तू आणि मानवनिर्मित वस्तू असे विभाग करून, त्यांखाली पक्षी, मासे, शंख-शिंपले, खनिजे, शस्त्रे, वस्त्रे, नाणी अशी वर्गवारी तिच्यात केलेली आहे. बागेतील वनस्पतींची स्वतंत्र यादीही तिच्यात आहे. दात्यांची नावेही नोंदलेली असल्याने आज अभ्यासकांना मूळ वस्तूंचा माग काढता येतो.

१६५९ च्या डिसेंबरमध्ये ट्रेडस्कँट यांनी एका दानपत्रावर सही केली. पती-पत्नी दोघांच्या मृत्यूनंतर संग्रह अ‍ॅशमोल यांच्याकडे जावा, असे त्यात होते. मात्र १६६१ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात ट्रेडस्कँट यांनी संग्रह पत्नी हेस्टर यांना दिला आणि पुढे तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एका विद्यापीठाला द्यावा, असे लिहिले. १६६२ मध्ये त्यांचे निधन झाले. परस्परविरोधी असे हे दोन कागद मागे राहिले.

खटला आणि हेस्टर ट्रेडस्कँट यांचा मृत्यू

ट्रेडस्कँट यांच्या निधनानंतर अ‍ॅशमोल यांनी चान्सरी न्यायालयात दावा दाखल केला. सही करतेवेळी पती मद्याच्या अमलाखाली होते आणि दानपत्रातील मजकूर त्यांना नीट समजला नव्हता, असे हेस्टर यांचे म्हणणे होते. ते न्यायालयाने मान्य केले नाही. १६६४ मध्ये निकाल अ‍ॅशमोल यांच्या बाजूने लागला. हेस्टर यांनी हयात असेपर्यंत संग्रह विश्वस्त या नात्याने सांभाळावा आणि त्यानंतर तो अ‍ॅशमोल यांच्याकडे जावा, असे ठरले. पुढची चौदा वर्षे हेस्टर यांनी, कायद्याने अन्य व्यक्तीचा ठरलेला तो संग्रह स्वतःच्या घरात सांभाळला.

१६७४ मध्ये अ‍ॅशमोल यांनी ट्रेडस्कँट यांच्या शेजारचेच घर घेतले आणि संग्रहातील काही वस्तू तेथे नेल्या. दोन्ही घरांतील संबंध बिघडत गेले. अ‍ॅशमोल यांनी आपल्यावर दडपण आणून वस्तू नेल्या, असे हेस्टर लोकांना सांगत. १६७६ मध्ये साक्षीदारांसमोर त्यांच्याकडून एका निवेदनावर सही घेण्यात आली. अ‍ॅशमोल यांच्याविरुद्ध आपण केलेले आरोप खोटे असल्याची कबुली त्यात होती. ही कबुली त्यांनी मनापासून दिली की नाइलाजाने, हे ठरविण्यास आज साधन उरलेले नाही. एकीकडे अनुभवी कायदेतज्ज्ञ आणि राजदरबारात वजन असलेले अ‍ॅशमोल, तर दुसरीकडे एकाकी वृद्ध विधवा, असा हा विषम सामना होता. ही गोष्ट मात्र अ‍ॅशमोल यांचे समर्थकही नाकारत नाहीत.

१६७८ च्या एप्रिलमध्ये हेस्टर यांचे शव त्यांच्या बागेतील तळ्यात आढळले. १६७९ च्या आरंभापर्यंत अ‍ॅशमोल यांनी ट्रेडस्कँट यांच्या घराचा भाडेपट्टा आपल्याकडे घेतला आणि दोन्ही संग्रह एकत्र केले.

राजसेवा आणि ग्रंथलेखन

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि राजसत्तेची पुनःस्थापना झाली. पडत्या काळात राजपक्षाशी एकनिष्ठ राहिलेल्या अ‍ॅशमोल यांना त्याचे फळ मिळाले. 'विंडसर हेरल्ड' या पदावर त्यांची नेमणूक झाली. सरदार घराण्यांच्या वंशावळी व कुलचिन्हे तपासणे आणि राजसमारंभांतील मानपान पाहणे ही या पदाची कामे होती. त्यासोबत अबकारी खात्यातील वरिष्ठ आणि किफायतशीर पदेही त्यांना मिळाली.

१६६८ मध्ये त्यांनी तिसरा विवाह केला. पत्नी एलिझाबेथ या प्रसिद्ध इतिहाससंशोधक विल्यम डगडेल यांच्या कन्या होत्या. अ‍ॅशमोल यांना एकाही विवाहापासून वारस लाभला नाही. आपल्यामागे संग्रहाचे काय होणार, हा ट्रेडस्कँट यांच्यापुढे पडलेला प्रश्न त्यांच्यापुढेही होता.

१६७२ मध्ये त्यांचा 'ऑर्डर ऑफ द गार्टर' या इंग्लंडमधील सर्वोच्च सरदारी सन्मानाचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध झाला. अनेक वर्षे मूळ कागदपत्रांचा शोध घेऊन लिहिलेला हा ग्रंथ त्यांच्या विद्वत्तेचे शिखर मानला जातो. त्याआधी त्यांनी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील रोमन नाण्यांची सूची तयार केली होती. १६६९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्रातील डॉक्टर ही पदवी दिली. बर्कशर परगण्यातील प्राचीन अवशेषांविषयी त्यांनी केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १७१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाली.

अ‍ॅशमोलियन संग्रहालयाची स्थापना

१६७७ मध्ये अ‍ॅशमोल यांनी आपला संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला देऊ केला. योग्य अशी स्वतंत्र इमारत बांधावी, ही त्यांची अट होती. विद्यापीठाने ती मान्य केली. ट्रेडस्कँट यांच्या मृत्युपत्रात सुचविलेल्या दोन विद्यापीठांपैकीच एकाला संग्रह मिळाला, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांची इच्छा अशा रीतीने पूर्ण झाली. मात्र संग्रहालयाला नाव त्यांचे मिळाले नाही.

इमारतीचे काम सुरू होण्याच्या सुमारास अ‍ॅशमोल यांच्यावर मोठे संकट कोसळले. २६ जानेवारी १६७९ रोजी लंडनमधील मिडल टेंपल येथे लागलेल्या आगीत त्यांच्या खोल्या जळाल्या. पुस्तके, पुराणवस्तू आणि सुमारे ९,००० नाणी व पदके त्यांत नष्ट झाली. त्यांनी स्वतः जमविलेला आणि संग्रहालयासाठी राखून ठेवलेला बराचसा ऐवज त्यात होता. परिणामी ऑक्सफर्डला पोहोचलेल्या संग्रहात ट्रेडस्कँट यांच्या वस्तूंचे प्रमाण आधी योजल्यापेक्षाही अधिक राहिले.

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर शेल्डोनियन नाट्यगृहाशेजारी तीन मजली इमारत उभी राहिली. १६८३ मध्ये संग्रह लंडनहून हलविण्यात आला. त्याने बारा गाड्या भरल्या, असे समकालीन ऑक्सफर्ड-इतिहासकार अँथनी वूड यांनी नोंदविले आहे. २१ मे १६८३ रोजी राजाचे बंधू ड्यूक ऑफ यॉर्क यांनी संग्रहालयाला भेट दिली आणि २४ मे रोजी ते विद्यापीठातील विद्वानांसाठी खुले झाले. सर्वसामान्य लोकांनाही लवकरच प्रवेश मिळू लागला.

इमारतीच्या रचनेतून संस्थेचा हेतू स्पष्ट होतो. वरच्या मजल्यावर संग्रह, मधल्या मजल्यावर व्याख्यानांचे दालन आणि तळघरात रसायनशाळा अशी योजना होती. वस्तू पाहणे, त्यांविषयी ऐकणे आणि प्रयोग करणे या तिन्ही गोष्टी एका छताखाली आल्या. निसर्गाभ्यासक रॉबर्ट प्लॉट हे संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक आणि विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर एडवर्ड ल्हुइड यांनी ही जबाबदारी सांभाळली.

नियम आणि प्रेक्षक

१६८६ मध्ये अ‍ॅशमोल यांनी संग्रहालयाचे नियम ठरवून दिले. वस्तूंची सूची असावी, ठरावीक काळाने विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी येऊन ती पडताळावी, अशी तरतूद त्यांत होती. काळाच्या ओघात कुजणाऱ्या दुर्मिळ प्राण्यांची चित्रे काढून ठेवावीत, असेही त्यांत सांगितले होते. यामुळे संग्रह सांभाळणे हे कोणा एकाच्या मर्जीवर न राहता पदाचे कर्तव्य बनले. नंतरच्या संग्रहालयांनीही हीच दिशा धरली.

प्रवेशशुल्क देणाऱ्या कोणालाही आत जाता येई. स्त्रिया आणि बाजाराच्या दिवशी शहरात येणारे खेडूतही त्यांत असत. १७१० मध्ये आलेले जर्मन विद्वान फॉन उफेनबाख यांना हे मुळीच रुचले नाही. सामान्य लोक धावपळ करतात आणि प्रत्येक वस्तूला हात लावतात, अशी तक्रार त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात केली. संग्रहालय खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते, याचा हा एक बोलका पुरावा ठरला आहे.

आरंभीच्या काळातच संग्रहालयात भारतीय शिल्पही दाखल झाले. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे प्रमुख राहिलेले विल्यम हेजेस यांनी पाल काळातील एक विष्णुमूर्ती संग्रहालयाला दिली. गंगेच्या मुखाजवळील सागर बेटावरून आणलेली ही मूर्ती पाश्चात्त्य संग्रहालयात पोहोचलेल्या सर्वांत जुन्या भारतीय शिल्पांपैकी एक आहे.

अखेरचा काळ आणि मृत्यू

उतारवयात अ‍ॅशमोल यांना संधिवात आणि इतर व्याधींनी ग्रासले. तरीही संग्रहालयाच्या कामाकडे त्यांचे लक्ष असे. १८ मे १६९२ रोजी लॅम्बेथ येथील घरी वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. उरलेला संग्रह आणि ग्रंथालय त्यांनी ऑक्सफर्डला दिले होते. आगीच्या वेळी बरीच हस्तलिखिते लॅम्बेथच्या घरी असल्याने बचावली होती, ती अशा रीतीने विद्यापीठाकडे आली.

लॅम्बेथमधील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. याच चर्चच्या आवारात ट्रेडस्कँट कुटुंबाची समाधी आहे. विसाव्या शतकात उपासनेसाठी वापरात न राहिलेली ही वास्तू पाडली जाण्याच्या बेतात होती. ट्रेडस्कँट यांच्या समाधीमुळे तिच्याकडे लक्ष वेधले गेले आणि आता तेथे उद्यानविद्येच्या इतिहासाला वाहिलेले गार्डन म्युझियम आहे. ज्यांच्या नावाने संग्रहालय निघाले नव्हते, त्या माळ्यांच्या समाधीने येथे एक संग्रहालय उभे केले.

संग्रहाचा पुढील प्रवास

अठराव्या शतकात संग्रहालयाकडे बरेच दुर्लक्ष झाले. ट्रेडस्कँट यांचा डोडो कुजत गेला आणि त्याचे केवळ डोके व एक पाय वाचला. डोक्याच्या या अवशेषात मऊ ऊती टिकून आहेत आणि डोडोच्या बाबतीत असा दुसरा अवशेष जगात नाही. आधुनिक काळात त्यातून मिळविलेल्या डीएनएच्या आधारे डोडो हा कबुतरांच्या कुळातील पक्षी असल्याचे निश्चित करता आले. माळ्याच्या घरी शुल्क देऊन दाखविलेला हा नमुना साडेतीन शतकांनंतर जनुकशास्त्राच्या कामी आला.

एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाने संग्रहाची विभागणी केली. निसर्गविषयक नमुने विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे, मानववंशविषयक वस्तूंपैकी अनेक पिट रिव्हर्स संग्रहालयाकडे आणि हस्तलिखिते बोडलियन ग्रंथालयाकडे गेली. कला आणि पुरातत्त्व विभाग ब्यूमाँट स्ट्रीटवरील, १८४५ मध्ये पूर्ण झालेल्या भव्य इमारतीत गेला. आजचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय तेच होय. ट्रेडस्कँट यांच्या मूळ संग्रहातील उरलेल्या वस्तू, पाउहॅटनच्या पटासह, तेथे पाहावयास मिळतात. ब्रॉड स्ट्रीटवरील जुनी इमारतही टिकून असून तेथे विज्ञानाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

मूल्यमापन

अ‍ॅशमोल यांच्याविषयी दोन टोकाची मते आढळतात. एका मतानुसार ते महत्त्वाकांक्षी आणि धूर्त होते. विवाहातून संपत्ती आणि कायद्याच्या बळावर दुसऱ्याचे संचित मिळवून त्यांनी त्यावर स्वतःचे नाव कोरले. दुसऱ्या मतानुसार, त्यांनी सूची छापली नसती, हक्काचा आग्रह धरला नसता आणि विद्यापीठाला इमारत बांधण्याची अट घातली नसती, तर समकालीन अनेक संग्रहांप्रमाणे हाही संग्रह लिलावात विखुरला गेला असता.

उपलब्ध पुराव्यांवरून ही दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. वस्तू जमविण्याचे आणि त्या सर्वांसाठी खुल्या ठेवण्याचे श्रेय ट्रेडस्कँट पिता-पुत्रांकडे जाते. ते संचित माणसांच्या आयुष्याहून अधिक काळ टिकेल, अशी व्यवस्था अ‍ॅशमोल यांनी केली. या व्यवस्थेची किंमत हेस्टर ट्रेडस्कँट यांना मोजावी लागली. संस्थापकांच्या गौरवात त्यांचे नाव दीर्घकाळ आले नाही. अलीकडच्या लेखनात आणि संग्रहालयाच्या मांडणीत ट्रेडस्कँट कुटुंबाला त्याचे स्थान दिले जाते.

ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ मध्ये, पॅरिसमधील लूव्र संग्रहालयाचे उद्घाटन १७९३ मध्ये आणि आशियातील सर्वांत जुने मानले जाणारे कोलकात्याचे इंडियन म्युझियम १८१४ मध्ये झाले. खाजगी संग्रह नियमांनी बांधलेल्या सार्वजनिक संस्थेच्या हाती सोपविण्याची जी रीत या आणि इतर अनेक संग्रहालयांच्या मुळाशी दिसते, तिचे एक आरंभीचे आणि आजही चालू असलेले उदाहरण म्हणून अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे महत्त्व आहे.